बायकांचा तास आणि जेनीबाई



रेडिओवर बोलायला या म्हटलं की आपल्या गटातल्या बहुतेक जणी म्हणतात, "अगं, आम्ही काय बोलणार? आमचं कोण ऐकणार?" म्हणून आज आम्ही इंग्लंडमधल्या जेनी मरे यांची गोष्ट सांगणार आहोत.

त्याआधी त्यांच्या कार्यक्रमाविषयी. दुसरं महायुद्ध संपल्यावर, ७ ऑक्टोबर १९४६ ला बीबीसीने 'वुमन्स अवर' सुरू केला. म्हणजे बायकांचा तास. तो दुपारी दोनला लागायचा. गंमत अशी, की पहिला निवेदक होता ॲलन आयव्हिमी नावाचा पुरुष! तास बायकांचा आणि बोलणारा बाप्या! पुढे निवेदनाचं काम बायकांकडे आलं.

जेनीबाईंचा जन्म १९५० चा, यॉर्कशायरमधल्या बार्न्सली या कोळसा खाणींच्या गावातला. हल विद्यापीठात त्या फ्रेंच आणि नाटक शिकल्या. १९७३ मध्ये बीबीसीच्या ब्रिस्टल रेडिओवर लागल्या, मग टीव्हीवर बातम्यांचं काम केलं. १९८७ मध्ये 'वुमन्स अवर' त्यांच्याकडे आला आणि पुढची तेहतीस वर्षं त्यांनी तो सांभाळला. पंतप्रधान राहिलेल्या मार्गारेट थॅचर असोत की हॉलिवूडच्या बेटी डेव्हिस, त्यांना प्रश्न विचारताना जेनीबाई कचरल्या नाहीत. बाळंतपण, पाळी जाणं, घरातली मारहाण, नोकरीतला पगार हे सगळे विषय त्या तासात उघडपणे निघत.

डिसेंबर २००६ मध्ये त्यांनी कार्यक्रमातच श्रोत्यांना सांगितलं, की मला स्तनाचा कर्करोग झाला आहे, उपचारासाठी काही दिवस मी येणार नाही. जो आजार बायका घरातसुद्धा दबक्या आवाजात सांगतात, तो त्यांनी साऱ्या देशाला सांगितला. उपचार घेऊन त्या पुन्हा कामावर आल्या. २०११ मध्ये त्यांना 'डेम' हा किताब मिळाला.

त्या वर्तमानपत्रांतही लिहायच्या, आणि तिथे अडचण यायची. निवेदिकेने कुणाची बाजू घ्यायची नसते. सदर लिहिणारीने मात्र आपलं मत मांडायचं असतं. २०१७ मध्ये ट्रान्स स्त्रियांविषयी त्यांनी लिहिलेल्या लेखावरून मोठा वाद झाला. अनेकांना त्यातलं म्हणणं दुखावणारं वाटलं. बीबीसीनेही त्यांना निःपक्षपाती राहण्याची आठवण करून दिली. १ ऑक्टोबर २०२० ला त्यांनी कार्यक्रमाचा निरोप घेतला. पुढे 'डेली मेल'मधल्या सदरात त्या मोकळेपणाने मतं मांडू लागल्या.

त्यांचं प्रत्येक मत आपल्याला पटलंच पाहिजे असं नाही. आमच्यातही यावरून दोन तट पडले. पण 'मला गाठ लागतेय' हे शब्द वेळेवर तोंडातून निघाले, तर बाईचा जीव वाचू शकतो. म्हणून सख्यांनो, माइक समोर आला की मागे सरकू नका. आणि छातीत गाठ लागली, तर ती आधी डॉक्टरांना दाखवा. लाज नंतर.