कारंज्याचे गुरुकुल आणि आपली तालीम

कारंजा लाड म्हटले की कोणाला नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आठवते, कोणाला कापसाचा बाजार. मला आठवते ते इथले जैन गुरुकुल, महावीर ब्रह्मचर्याश्रम. आपल्याकडे 'दीनी तालीम की दुनियवी?' हा वाद सुरू झाला की तर हमखास.

१९१८ साली देवचंद शहा या सोलापूरकडच्या पदवीधर तरुणाने ते काढले. गावही तसेच होते. भट्टारकांच्या जुन्या गाद्या, मंदिरांत हस्तलिखितांची भांडारे. (त्यांतली अपभ्रंश काव्ये पुढे हीरालाल जैन आणि प. ल. वैद्य यांनी छापली. मराठीच्या पूर्वजांचा शोध घेणाऱ्याला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, तिथवर यावेच लागते.) अशा गावात नुसती पाठशाळा काढून भागले असते. देवचंदांनी तसे केले नाही. मुले आश्रमात राहून धर्म शिकणार आणि त्याच छपराखाली शाळेचे विषयही. पुढे ते दीक्षा घेऊन समंतभद्र झाले. १९३४ साली कुंभोजजवळ बाहुबलीलाही त्यांनी असेच गुरुकुल उभे केले.

दुसरी वाट अमेरिकेत दिसते. धर्मासाठी जर्मनी सोडलेल्या लोकांनी १८५५ पासून आयोवा राज्यात अमाना नावाची सात गावे वसवली. जमीन सामाईक, स्वयंपाकघरे सामाईक. शाळा जवळजवळ वर्षभर चाले आणि ती जर्मन भाषेत. मुलींबरोबर मुलगेही विणकाम शिकत, हे मला फार आवडले. पण तेरा-चौदाव्या वर्षी शाळा संपे आणि मूल शेतात, कारखान्यात किंवा स्वयंपाकघरात कामाला लागे. डॉक्टर हवा म्हणून वडीलधारे एखाद्या मुलाला बाहेर शिकायला धाडत. गरज वसाहतीची, निवडही त्यांचीच. १९३२ साली लोकांनीच मतदान करून ती सामाईक व्यवस्था मोडली. त्यामागे मंदी होती, कर्ज होते आणि तरुणांची चुळबुळही होती.

आपल्याला हे नवे नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आधाराने १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले, ते मुलांनी शाळा-कॉलेजात शिकावे म्हणूनच. तरीही हिफ्ज पूर्ण केलेल्या पोराच्या दस्तारबंदीला मी जातो, तेव्हा बिर्याणीच्या पंगतीत त्याच्या अब्बांना हळूच विचारतो, "दहावीचा फॉर्म भरला का?" काही जण हसून विषय बदलतात. परवा एकाने खिशातून पावती काढून दाखवली.