सामन, चढणीचे मासे आणि तंगूस

मागच्या विकांताला अलास्कातल्या सामन माशांच्या मासेमारीवर वाचत बसलो होतो. का ते विचारू नका. ऑफिसचं एक मायग्रेशन रात्रभर चालू होतं आणि झोपायची सोय नव्हती. (सामन म्हणजे आपला रावस नव्हे बरं का. रावसाला मेन्यूकार्डावर 'इंडियन सामन' करून टाकतात, पण दोघांचं काही नातं नाही.) सामन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत उलटा चढतो.

हे वाचताना एकदम आजोबांचं गाव आठवलं. पूर्णेकाठी, खारपाणपट्ट्यात. मिरगाचा दणका पाऊस झाला की गढूळ नाल्यातून मासोया उलट्या चढायच्या, पार धुऱ्यापर्यंत, आणि आम्ही पोरं घमेली घेऊन पळायचो. (वऱ्हाडात 'ळ'चा 'य' होतो. मासोयी, जायं, सगळं तसंच.) हे चढणीचे मासे काही समुद्रातून येत नाहीत. ते नदीतल्या डोहांतलेच. पण प्रवाहाविरुद्ध चढायचं आणि वर जाऊन अंडी घालायची, ही खोड सामनचीच.

या चढणीवर भोई लोकांचं अर्धं वर्ष उभं असे. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या जातीजमातींवरच्या ग्रंथात ढिवर-भोयांची कामं दिली आहेत: मासे धरणं, पालख्या वाहणं, तळ्यात शिंगाडे आणि उन्हाळ्यात नदीच्या वाळूत टरबूज-काकड्या लावणं. म्हणजे नदी बारा महिने कुठल्या ना कुठल्या रूपात पोट भरायची. हत्यारं साधी. चढणीच्या वाटेवर, दगडांच्या बांधाच्या तोंडाशी, बांबूच्या कामट्यांचा सापळा. डोहात फेकजाळं, कडेला शिशाचे मणी ओवलेलं. जाळी सुताची नाहीतर सणाची. कापसाच्या मुलखात सुताला काय तोटा! पण सूत पाण्यात कुजतं. म्हणून जाळं झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवायचं, रोज वाळवायचं, फाटलं की विणत बसायचं. शिवाय निवळ पाण्यात ते माशाला दिसतं. थोडक्यात, जाळ्याला मर्यादा होत्या आणि माशाला संधी होती.

मग नायलॉन आलं. १९३५ साली अमेरिकेत ड्यूपॉन्टच्या प्रयोगशाळेत जन्मलेला हा धागा दुसऱ्या महायुद्धानंतर जगभरच्या जाळ्यांत शिरला. त्याचा एकेरी पारदर्शक प्रकार म्हणजे आपला तंगूस. कुजत नाही, वाळवायला नको, पाण्यात जवळजवळ दिसत नाही. तंगूसाचं जाळं पाण्यात उभं सोडायचं. माशाचं डोकं आसात शिरतं, अंग शिरत नाही, मागे फिरावं तर कल्ले अडकतात. आस केवढा, त्यावर कोण सापडणार आणि कोण सुटणार ते ठरतं. आस बारीक केला की पोरंबाळंसुद्धा गेली.

गावाकडे कुणालाही विचारा, तंगूसानं नदी खाल्ली म्हणतील. मलाही तेच वाटायचं.

पण अलास्कात नायलॉनच आहे की! तिथलं भांडण हत्यारांवरूनच झालं, पण जरा वेगळं. कोलंबिया नदीवर पाण्याच्या जोरावर फिरून आपोआप मासे उपसणारी चाकं होती. ओरेगॉनच्या मतदारांनी १९२६ साली ती बंद पाडली, आणि त्यांच्याविरुद्ध आघाडीवर होते ते जाळीवाले! अलास्कातले मोठे सापळे बहुतेक डबाबंद मासळीच्या बाहेरच्या कंपन्यांचे. १९५९ साली अलास्का राज्य झालं आणि सापळे गेले. ब्रिस्टल बे नावाच्या उपसागरात तर १९५१ पर्यंत यांत्रिक बोटींना बंदी होती, जाळी टाकायची ती शिडाच्या होडीतून. पुढे यंत्रं आली, नायलॉन आलं, तरी एक गोष्ट सुटली नाही. नदीकाठच्या मनोऱ्यांवर माणसं बसून वर जाणारे मासे मोजतात. पुरेसे वर जाताहेत असं दिसलं की मासेमारी उघडायची, नाहीतर बंद. २०२२ साली तिथे जवळपास ७.९ कोटी सॉकाय सामन परतले. नायलॉनची जाळी असूनही.

तेव्हा प्रश्न धाग्याचा कमी, वर किती जाऊ दिले याचा जास्त. आणि वर जायला वाट आहे का, याचा.

आपल्याकडे पूर्णेवर विश्रोळीला भिंत, काटेपूर्णेवर महानला भिंत, वानेवर वारी-हनुमानला भिंत. मी काही धरणविरोधी नाही. अकोल्याच्या नळाला येणारं पाणी महानचंच, ते पिऊनच मोठा झालो. पण भिंतीखाली चढणीच्या माशाचा रस्ता संपतो हेही खरंच.

भिंतीमागच्या पाण्यात मग रोहू, कटला, मृगळ सोडले. हे मूळचे गंगेकडचे. त्यांचीही एक गंमत आहे. त्यांना अंडी घालायला वाहतं पुराचं पाणी लागतं, तळ्यात ते वाढतात पण सहसा विणत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांची अंडी मिळवली आणि हा अडसर दूर झाला. (हे हिरालाल वेगळे!) तेव्हापासून बोटभर बीज विकत आणायचं, सोडायचं, मोठं झालं की धरायचं. दरवर्षी नवं बीज. नदीत बीज फुकट होतं.

आणि नदी कुणाच्या नावावर नव्हती. जलाशय ठेक्यानं जातो. ठेका मच्छीमार सोसायटीला मिळाला तर ठीक, पण ठेक्याची रक्कम आणि बीज दोन्हींना आधी भांडवल लागतं. ज्याच्याकडे ते नाही तो भोई स्वतःच्याच नदीच्या पाण्यावर दुसऱ्याचं जाळं ओढतो. अलास्कातले लोक सापळ्यांवर का चिडले होते, ते मला इथे येऊन कळलं.

गेल्या पावसाळ्यात अकोल्याला गेलो होतो. बाजारात बर्फातला रोहू होता, कटला होता. एका मावशींच्या घमेल्यात मात्र पाण्यात वळवळणारी मरळ होती, पाण्याबाहेरही श्वास घेऊ शकते म्हणून तास न् तास जिती राहते. म्हटलं, मावशी, नदीची का? त्यांनी वर न बघता विचारलं, "घ्याची हाय का नुसतं इचारता?"

घेतली. असो, मायग्रेशनही सकाळी सहाला एकदाचं संपलं. :)