दिग्रज, उगार, धारवाड : तांबेरा आणि सोयाबीनचे वाण

गुंजी हे भाताचं गाव. खानापूर तालुक्यातलं, जंगलाला लागून असलेलं, लोंढ्याच्या अलीकडचं छोटं स्टेशन. इथं बसून सोयाबीनवर निबंध कशाला, असं मंडळाच्या बैठकीत कुणी विचारलं तर माझं उत्तर रेल्वेच्या रुळांत आहे. सदर्न मराठा रेल्वेने १८८० च्या दशकात टाकलेली जी लाइन आमच्या गावावरून जाते, तीच वर बेळगाव, घटप्रभा, रायबाग, कुडची, उगार खुर्द अशी मिरजेला पोचते. तिथून सांगली आणि सांगलीजवळ कसबे दिग्रज. उलट दिशेला गेलं तर लोंढा, अळणावर आणि धारवाड. सोयाबीनच्या तांबेऱ्याला टिकणारे आपल्या देशातले महत्त्वाचे वाण या एकाच लोहमार्गाच्या दोन टोकांना तयार झाले, एक टोक महाराष्ट्रात आणि दुसरं कर्नाटकात. मधल्या उगारला तांबेरा इतका हमखास येतो, की देशभरातले वाण तिथे नेऊन पारखले गेले.

सोयाबीन आपल्या भागात जुनं नाही. १८८४ साली बेळगाव जिल्ह्याचं गॅझेटियर निघालं. त्या काळच्या इथल्या शिवारात कुळीथ, तूर, मूग, उडीद, हरभरा, पावटा ही कडधान्यं होती. मध्य भारतात मात्र बारीक काळ्या दाण्याचं एक सोयाबीन थोडंफार पेरलं जाई आणि लोक त्याला ‘काळी तूर’ म्हणत. परक्या दाण्याला ओळखीच्या डाळीचं नाव द्यायचं, ही आपली जुनी सवय.

खरी सुरुवात १९६० च्या दशकात झाली. इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने जबलपूर आणि पंतनगर इथे ब्रॅग, क्लार्क, ली असे अमेरिकन वाण लावून पाहिले गेले. १९६७ मध्ये सोयाबीनचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू झाला. मराठी मुलखातलं काम पुण्यात झालं, महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत. ही संस्था १९४६ ची. तिचे पहिले संचालक शंकर पुरुषोत्तम आघारकर हे मालवणात जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि १९९२ पासून संस्थेला त्यांचंच नाव आहे. तिथल्या वाणांच्या नावातला ‘एमएसीएस’ म्हणजे संस्थेच्या मूळ इंग्रजी नावाची आद्याक्षरं. बियाण्याच्या पिशवीवरचं नाव कुणी वाचत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

मग आलं जेएस ३३५. जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचा हा वाण १९९४ मध्ये प्रसारित झाला. जांभळी फुलं, पंचाण्णव ते शंभर दिवसांत काढणी, शेंगा सहसा तडकत नाहीत, उतारा चांगला. शेतकऱ्याला आणखी काय पाहिजे? काही वर्षांतच तो देशातला सर्वांत जास्त पेरला जाणारा वाण झाला. निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागात जिथं तंबाखू आणि मिरची होती, तिथंही खरिपात सोयाबीन शिरलं. ज्या निपाणीने १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी आंदोलन केलं, तिच्या आजूबाजूला आज पावसाळ्यात गेलात तर सोयाबीनचं हिरवं शेत दिसल्याशिवाय राहत नाही.

आणि नेमकं १९९४ पासूनच कर्नाटक, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात तांबेऱ्याच्या साथी जोरात येऊ लागल्या. जेएस ३३५ मध्ये बाकी सगळे गुण होते, तांबेऱ्याला तोंड देण्याची ताकद तेवढी नव्हती.

तांबेरा म्हणजे फॅकोप्सोरा पॅकीरायझी नावाची बुरशी. पानाच्या खालच्या बाजूला बारीक पुळ्या येतात, त्या फुटून तपकिरी भुकटी उडते. शेतातून चालून आलं की धोतरावर, पँटीवर तांबडी धूळ दिसते. पान पिवळं पडून गळतं, आणि ते नेमकं शेंग भरण्याच्या वेळी. साथ मोठी असली तर नुकसान ऐंशी टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. या बुरशीला रुजायला पान सहा-सात तास ओलं आणि हवा साधारण वीस-पंचवीस अंशांची लागते. ऑगस्ट-सप्टेंबरमधली आमची झड म्हणजे अगदी हेच माप.

पण पाऊस तर कोकणातही पडतो, मग उगारच का? मी मूळचा इंजिनीअर, त्यामुळे ‘का’ सुटल्याशिवाय पुढं जाता येत नाही. ही बुरशी जिवंत हिरव्या पानावरच जगते, वाळलेल्या काडीवर ती टिकत नाही. म्हणजे वर्षभर कुठं तरी हिरवं पान हवं. कृष्णाकाठी पाणी आहे, ऊस आहे, आणि उसात किंवा हंगामाबाहेर पेरलेलं सोयाबीन आहे. उन्हाळ्यात तांबेरा तिथं दम धरतो आणि पावसाळा सुरू झाला की वाऱ्यावर बसून निघतो. ज्या बागायतीचा आपण अभिमान बाळगतो तिनेच रोगाला घर दिलं.

फवारणीचा उपाय होता आणि आहे, हेक्झाकोनॅझोलसारखी बुरशीनाशकं चालतात. पण कंबरेइतक्या दाट पिकात, भर पावसात, पानाच्या खालच्या अंगाला औषध पोचवणं किती जमतं ते ज्याने पाठीवर पंप घेतलाय त्याला विचारा. टिकाऊ उपाय बियाण्यातच शोधायला हवा होता.

आता संकर करतात कसा ते थोडं सविस्तर सांगतो. सोयाबीनचं फूल जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचं, आणि उमलण्याआधीच त्याचं परागण आतल्या आत होऊन जातं. म्हणून कळी मिटलेली असतानाच चिमट्याने पाकळ्या आणि पुंकेसर काढायचे, स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही, मग नर वाणाच्या फुलातले पराग आणून लावायचे आणि दोरा बांधायचा. कित्येक कळ्या गळून जातात. एखादी धरली तर शेंगेत दाणे दोन-तीन. पहिल्या पिढीची झाडं सगळी सारखी, दुसऱ्या पिढीत गुण फुटतात. रोगप्रतिकार एकाच प्रभावी जनुकावर असेल तर ढोबळमानाने चारांतली तीन झाडं टिकतात, एक बळी पडतं. टिकलेल्यांतून पुन्हा उतारा, दाणा, उंची, पक्वता बघत पाच-सहा पिढ्या निवड. त्यानंतर वेगवेगळ्या ठिकाणी चाचण्या. सगळं मिळून दहा-बारा वर्षं सहज जातात.

आणि टिकलं की नाही हे ठरवायला रोग यावाच लागतो. ज्या गावात तांबेरा कधी येतो कधी येत नाही, तिथं वाचलेलं झाड सबळ होतं की नशिबवान, हे कळत नाही. उगारसारख्या ठिकाणी चाचणीच्या ओळींमधून मुद्दाम रोगाला बळी पडणाऱ्या वाणाची ओळ लावतात, म्हणजे सगळ्यांना सारखाच मार बसतो. मग पानं बघून शून्य ते नऊ असे गुण देतात. पानावरचे डाग भुऱ्या रंगाचे आणि भुकटी भरपूर, तर झाड हरलं. तांबूस-तपकिरी डाग आणि भुकटी अगदी कमी, तर झाडाने रोग जागच्या जागी अडवला.

या चाळणीतून परदेशी संग्रहातले दोन नमुने चांगले उतरले : ईसी २४१७७८ आणि ईसी २४१७८०. परदेशातून आलेल्या बियाण्याला दिल्लीच्या राष्ट्रीय ब्युरोत जो नोंदणी क्रमांक मिळतो त्याची सुरुवात ‘ईसी’ने होते. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने (स्थापना १९८६) जेएस ३३५ आणि ईसी २४१७७८ यांच्या संकरातून डीएसबी २१ हा वाण काढला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कसबे दिग्रज केंद्रावर जेएस ३३५ आणि ईसी २४१७८० यांच्या संकरातून केडीएस ३४४, म्हणजे फुले अग्रणी, तयार झाला. ‘केडीएस’मधलं केडी म्हणजे कसबे दिग्रज. पुढे त्याच केंद्राचे फुले संगम आणि फुले किमया हे वाण आले.

दोन्ही संकरांत आधी लिहिलेलं नाव एकच आहे. संकर लिहिताना मादी आधी लिहायची पद्धत आहे, म्हणजे धारवाडच्या आणि दिग्रजच्या वाणाची आई एकच. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून हा पट्टा दोन राज्यांत वाटला गेला आणि वाद अजून चालू आहे. त्यावर मंडळात पुष्कळ लिहून झालंय, मी इथं शिरत नाही. पण ज्या काळात सभा, ठराव आणि दगडफेक चालू होती, त्याच काळात दोन्ही राज्यांचे पैदासकार एकाच रोगाविरुद्ध एकाच आईच्या पोटी वाण काढत होते, हे आपल्या सीमाभागाच्या इतिहासात कुठंच येत नाही. आपण शिलालेख मोजतो, वीरगळ मोजतो. ज्या वाणांनी हजारो घरांचा खरीप वाचवला त्यांची नोंद फक्त कृषी विद्यापीठांच्या अहवालात.

सरकारी शिफारस मात्र राज्यानुसार चालते. निपाणीच्या शेतकऱ्याला रयत संपर्क केंद्रावर सवलतीत मिळणारं बियाणं कर्नाटकाच्या यादीतलं. पलीकडे काही किलोमीटरवर कागलला दुकानात ‘फुले’ नावाच्या पिशव्या. निपाणीजवळ बांधावर उभ्या एका अण्णांना वाण विचारला, तर म्हणाले, “फुले संगम हाय. कागलातनं पावण्यानं दिलंय दोन वर्सामागं.” पाहुण्यांच्या वाटेने बियाणं सीमा ओलांडतं, आणि त्यात काही गैर नाही.

प्रतिकारशक्ती कायमची नसते, हेही लिहून ठेवायला हवं. ब्राझीलमध्ये तांबेरा २००१ च्या सुमारास पोचला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांतच तिथं प्रतिकाराची काही जनुकं निकामी ठरली, बुरशीने रूप बदललं. २००४ मध्ये तो अमेरिकेत पोचला, तो चक्रीवादळाच्या वाऱ्यावर बसून, असं मानतात. एकाच स्रोतावर सगळा पट्टा उभा राहिला तर जेएस ३३५ चं झालं तेच नव्या वाणाचं व्हायला वेळ लागणार नाही. म्हणून शेजारीपाजारी दोन-तीन वेगवेगळे वाण असणं आणि जुने वाण संग्रहात जिवंत राहणं माझ्या मते उताऱ्याइतकंच महत्त्वाचं आहे.

अण्णांना मी पुढं विचारलं, घरचं बियाणं ठेवता कसं? सोयाबीन स्वपरागीत आहे, त्यामुळे दोन-तीन वर्षं घरचं बियाणं चालतं, वाण बिघडत नाही. पण त्याचं साल फार पातळ. मशिनीचा वेग जास्त झाला किंवा पोतं आपटलं तरी उगवण कमी होते. ते म्हणाले, मळणी हळू मशिनीवर, पोती फळीवर, थप्पी चार-पाचच्या वर नाही. मे महिन्यात शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि आठवड्याने मोजायचे. सत्तर उगवले तर पेरायचं. कमी उगवले तर एकरी दाणे वाढवायचे, नाहीतर कागल.