१२७ दात्यांचे चाक

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात राहुरीजवळ एक दुरुस्तीचे दुकान बंद झाले. तिथला जुना लेथ आम्ही भंगाराच्या भावाने घेतला आणि घरामागच्या शेडमध्ये उभा केला. रॉकेल आणि पितळी ब्रशने गंज काढला. बेडवर पॉलिशपेपर घासण्याचा मोह मात्र टाळला, कारण लेथची अचूकता बेडच्या सरळपणावरच अवलंबून असते.

लेथबरोबर दातेरी चाकांचे एक खोके आले होते. बहुतेक चाकांच्या दात्यांची संख्या पाचच्या पटीत होती. एका चाकाला मात्र १२७ दाते होते. खडूची खूण करून दोनदा मोजले, तरी तेवढेच. दुसऱ्या कुठल्या यंत्राचे असावे, असे समजून आम्ही ते भंगारात टाकले.

पुढे एका बोल्टवर २ मिलिमीटर अंतराचे आटे पाडायचे होते. आटे पाडताना चकातला गज फिरतो आणि त्याच वेळी लीड स्क्रू हत्याराला पुढे सरकवतो. गज एक फेरा घेईल तेवढ्यात लीड स्क्रूने किती फिरायचे, हे मधली दातेरी चाके ठरवतात. हाताशी असलेली ३५ आणि ११० दात्यांची चाके आम्ही लावली. आटे दिसायला उत्तम होते. पण बाजारातली नट चार-पाच फेरे घेऊन अडली.

चूक गणिताची होती. आमच्या लीड स्क्रूला एका इंचात ४ आटे आहेत, म्हणजे दोन आट्यांतील अंतर ६.३५ मिलिमीटर. आमच्या चाकांनी २ ऐवजी सुमारे २.०२ मिलिमीटरचा आटा पाडला. २५ आट्यांमागे हा फरक अर्धा मिलिमीटर होतो! हवे असलेले गुणोत्तर २ भागिले ६.३५, म्हणजेच ४० भागिले १२७. आता १२७ ही मूळ संख्या आहे. त्यामुळे बाकीची चाके कशीही जुळवली तरी अचूक उत्तर येणार नाही. आम्ही धावत जाऊन भंगाराचा ढीग उपसला!

पण मुळात लेथमध्ये इंच आला कुठून? लाकूड कातणारे आपले कातारी हत्यार हातात धरत. हत्यार सरकत्या बैठकीवर पक्के बसवणे, लीड स्क्रू आणि बदलती चाके या गोष्टी लंडनच्या हेन्री मॉडस्ले यांनी १८०० च्या सुमारास धातूच्या एका भक्कम लेथमध्ये एकत्र आणल्या. त्यांच्या कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांचे प्रमाण सुचवले. ते इंचात होते. ब्रिटिश यंत्रांबरोबर तेच आपल्याकडे आले.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडीचा कारखाना उभारला. पुढे १९४१ मध्ये, महायुद्ध चालू असताना, हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर हा कारखाना स्थापन झाला आणि त्याचे लेथ देशभर पोहोचले. आपल्या जिल्ह्यात प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. ऊस वाढला, तशी इंजिने आणि पंप दुरुस्त करणाऱ्या लेथच्या दुकानांची गरजही वाढली.

त्यानंतर मोजमापेच बदलली. दशमान मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून तो टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला. कायदा बदलला म्हणून शेतातली इंजिने बदलत नाहीत. जुन्या इंजिनाला इंचाचा बोल्ट, नव्याला मिलिमीटरचा. दुकानदाराला दोन्ही द्यावे लागत. या दोन पद्धतींमधला पूल म्हणजे १२७ दात्यांचे चाक. १९५९ मध्ये इंग्रजी भाषक देशांनी १ इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर असे ठरवले. त्याची पाचपट १२७! आमच्या दुकानदाराने ते चाक एवढी वर्षे का जपले, हे आम्हाला नट अडल्यावर कळले.

वर्गात हा प्रश्न जरूर विचारा : याच लेथवर १.५ मिलिमीटरचे आटे पाडायचे असतील, तर १२७ च्या जोडीला किती दात्यांचे चाक लागेल? उत्तर ३० येते. ते काढून झाल्यावर मुलांना गावातल्या एखाद्या लेथच्या दुकानात घेऊन जा आणि चाकांचे खोके उघडून दाते मोजायला लावा. मात्र दाते मोजताना यंत्र बंद असू द्या.