छोटं इंजिन, मोठी गिरणी आणि पाणचक्की

ऑनसाईटहून परतलेल्या मित्राने एक खेळण्यातलं वाफेचं इंजिन आणलंय. ममॉडचं, इंग्लंडमध्ये बनलेलं. इवलासा पितळी बॉयलर, खाली इंधनाची वडी, बाजूला गरगर फिरणारं चाक. त्याला स्प्रिंगचा पट्टा लावला की छोटासा ग्राइंडरसुद्धा फिरतो. पण ग्राइंडरला खिळा टेकवला की इंजिन गप्प! मित्र म्हणाला, "जरा मोठं घेतलं तर लेथ चालेल ना रे?"

चालेल, पण जळण परवडणार नाही. १७६३-६४ च्या हिवाळ्यात जेम्स वॉटही अशाच एका मॉडेलपुढे डोकं खाजवत बसला होता. ग्लासगो विद्यापीठात वर्गात दाखवायला ठेवलेलं न्यूकोमेनच्या इंजिनाचं छोटं मॉडेल त्याच्याकडे दुरुस्तीला आलं. दुरुस्त झालं, तरी चार-दोन स्ट्रोक मारून थांबायचं. मोठी न्यूकोमेन इंजिनं तर खाणीतलं पाणी बिनबोभाट उपसत होती, मग यालाच काय धाड भरली?

हिशोब करून बघा. सिलिंडर सगळीकडून दहापट लहान केला तर आत मावणारी वाफ हजारपट कमी होते, पण उष्णता पिणारी भिंत शंभरपटच कमी होते. म्हणजे वाफेच्या मानाने भिंत दहापट जास्त! त्यातून न्यूकोमेनच्या इंजिनात दर स्ट्रोकला सिलिंडरच्या आतच गार पाणी उडवायचे. बहुतेक वाफ सिलिंडर पुन्हा तापवण्यातच खर्ची पडायची. यावर विचार करता करता १७६५ मध्ये वॉटला वेगळ्या कंडेन्सरची कल्पना सुचली. ते मॉडेल मुकाट्याने चाललं असतं तर... असो.

त्यामुळे मोठ्या इंजिनांचं जळण वाचलं. भिंतीचं गणित मात्र तेच राहिलं, लहान इंजिन महागच पडायचं. मग एकच मोठं इंजिन, छताखालून जाणारा लांबलचक शाफ्ट आणि त्यावरून प्रत्येक यंत्राला उतरणारा पट्टा, अशी मांडणी रूढ झाली. यंत्रावर काम करायचं तर इंजिनाच्या मालकाच्या छपराखाली जायचं. आपल्या औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) १८८९ मध्ये पहिली कापसाची गिरणी उभी राहिली, तीच मुळी सुमारे ७०० कामगारांची. दोन यंत्रांच्या कारखानदाराला वाफेचा काय उपयोग?

आणि गंमत म्हणजे याच गावात त्याच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधी, १७४४ च्या सुमारास, एकटं जातं फिरवणारी पाणचक्की होती. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याजवळ, खाम नदीकाठी. कित्येक किलोमीटर लांबच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणायचं, उंचावरून सोडायचं आणि पात्यांच्या चाकाने वरचं जातं फिरवायचं. यात्रेकरू आणि फकिरांसाठी तिथे दळण निघायचं. समजा सेकंदाला १० लिटर पाणी ६ मीटरवरून पडतंय, तर गळती न धरता सुमारे ५९० वॅट झाले. पाण्याला तापावं लागत नाही, त्यामुळे भिंतीची भानगडच नाही. अडचण एकच, जिथे पाणी पडेल तिथेच दळायचं. चक्की उचलून गल्लीत नेता येत नाही.

गल्लीत यंत्र आणलं ते ऑइल इंजिनाने आणि मग विजेच्या मोटरने. आज चिकलठाण्यात किंवा वाळूजला एखाद्या छोट्या शेडमध्ये डोकावा. प्रत्येक लेथला स्वतःची मोटर असते. दोन लेथवाला माणूसही तिथे मालक असतो.

हे सगळं मित्राला पाणचक्कीवरच ऐकवलं. आता त्याला गच्चीवरच्या टाकीखाली टर्बाइन बसवायचंय. टाकी कशाने भरते, हे अजून विचारलेलं नाही. :)