लांबलेली पाळी की गर्भस्राव? एका प्रश्नाचा इतिहास

पाळी आठवडाभर लांबते, मग येते आणि चार-पाच दिवसांत सारे पूर्ववत होते. ही नुसतीच लांबलेली पाळी होती, की दिवस गेले होते आणि गर्भ टिकला नाही? हा प्रश्न फार जुना आहे. त्याचे खात्रीलायक उत्तर देऊ शकेल अशी तपासणी मात्र 1972 नंतरच शक्य झाली. असे का, हे आपण पाहू.

सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ पडला तर त्याला ‘स्राव’ आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात पडला तर ‘पात’ असे म्हटले आहे. ही विभागणी डोळ्यांना काय दिसते यावर आधारलेली आहे. पण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत डोळ्यांचा उपयोग होत नाही, कारण त्या काळातला गर्भ म्हणजे पेशींचा एक अगदी बारीक पुंजका असतो.

शिवाय शरीरात जे घडते तेही दोन्ही वेळा जवळजवळ सारखेच असते. बीज बाहेर पडल्यावर अंडाशयात मागे उरलेल्या भागाचा पीतपिंड बनतो. त्यातून पाझरणाऱ्या प्रोजेस्टेरॉनमुळे गर्भाशयाचे अस्तर टिकून राहते. गर्भधारणा झाली नाही तर सुमारे दोन आठवड्यांत पीतपिंड सुकतो, अस्तर सुटते आणि पाळी येते. गर्भ रुजला तर त्याच्या बाहेरच्या पेशी एचसीजी नावाचे संप्रेरक सोडतात आणि त्यामुळे पीतपिंड जगतो. आता हा गर्भ तीन-चार दिवसांतच खुंटला, तर काय होईल? एचसीजी घटेल, पीतपिंड सुकेल आणि तेच अस्तर त्याच वाटेने बाहेर पडेल. म्हणजे फरक रक्तस्रावात शोधून भागणार नाही. आधीचे काही दिवस एचसीजी होते की नव्हते, हे कळायला हवे.

ते ओळखण्याची पहिली विश्वसनीय रीत बर्लिनमध्ये सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड झोंडेक यांनी 1927-28 मध्ये बसवली. स्त्रीची लघवी वयात न आलेल्या मादी उंदरांना टोचायची आणि चार-पाच दिवसांनी उंदीर मारून त्यांची अंडाशये पाहायची. अंडाशये पक्व झालेली दिसली तर ती स्त्री गर्भवती. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या झेनोपस जातीच्या बेडकीचा वापर सुरू झाला. टोचल्यावर ती काही तासांत अंडी घाली आणि पुन्हा वापरताही येई. 1960 मध्ये स्वीडनमधल्या वीडे आणि गेम्झेल यांनी प्रतिपिंडांवर आधारलेली चाचणी मांडली आणि प्राण्यांची गरज संपत गेली.

तरीही आपला प्रश्न सुटला नाही, कारण बीज बाहेर पडण्याच्या सुमारास पीयूषिका ग्रंथीतून येणारे एलएच हे संप्रेरक एचसीजीचे जणू सख्खे भावंड आहे. दोन्हींचे रेणू दोन साखळ्यांचे असतात. त्यांतली एक साखळी दोघांतही सारखीच असते. त्यामुळे एचसीजीचे प्रमाण अगदी थोडे असले की चाचणीची गफलत होई. 1972 मध्ये अमेरिकेत ज्युडिथ व्हायटुकायटिस, ग्लेन ब्राउनस्टीन आणि ग्रिफ रॉस यांनी एचसीजीची जी साखळी वेगळी आहे, तिलाच ओळखणारी प्रतिपिंडे वापरली आणि ही अडचण दूर केली.

मग खरी मोजणी सुरू झाली. आधीच्या काही पाहण्यांचे आकडे एकमेकांशी मुळीच जुळेनात. नॉर्थ कॅरोलायनात अ‍ॅलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूल हवे असलेल्या 221 स्त्रियांची लघवी रोजच्या रोज जमवली. 707 पाळीचक्रे तपासली गेली. नसबंदी झालेल्या स्त्रियांचे नमुनेही तुलनेसाठी घेतले, म्हणजे चाचणी उगाचच ‘होय’ म्हणते का ते कळावे. निष्कर्ष 1988 मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण 198 गर्भधारणा आढळल्या. त्यांपैकी 22 टक्के, दिवस गेल्याचे लक्षात येण्यापूर्वीच संपल्या होत्या. नंतरचे गर्भस्राव धरून हे प्रमाण 31 टक्के भरले. असे लवकर गर्भ गळालेल्या स्त्रियांपैकी 95 टक्के स्त्रियांना पुढच्या दोन वर्षांत पुन्हा दिवस गेले.

याच स्त्रियांच्या दैनंदिन नोंदी पुन्हा तपासून 2007 मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. सहा आठवड्यांच्या आत गर्भ गळाला, तेव्हाचा रक्तस्राव त्या-त्या स्त्रीच्या नेहमीच्या पाळीपेक्षा सरासरी अर्ध्या दिवसाहूनही कमी काळ जास्त टिकला होता. एकूण स्राव वाढलेला नव्हता. ‘जास्त गेले, गाठी पडल्या, म्हणजे गर्भच पडला असणार’ किंवा ‘नेहमीसारखेच गेले, म्हणजे काहीच नव्हते’ हे दोन्ही तर्क म्हणूनच भरवशाचे नाहीत. लांबलेल्या पाळीला इतरही पुष्कळ कारणे असतात.

शिक्षकांना या इतिहासाचा उपयोग काय? आपल्याकडे गर्भ गळाला की ‘पपई खाल्ली असेल’, ‘जड उचलले असेल’ असा दोष बाईवर येतो. प्रत्यक्षात पहिल्या तीन महिन्यांत नोंदल्या जाणाऱ्या गर्भस्रावांपैकी सुमारे निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांची संख्या किंवा रचना चुकलेली आढळते. ही चूक बीज किंवा शुक्रपेशी तयार होताना, नाहीतर फलनाच्या वेळी होते. आईने काय खाल्ले किंवा काय उचलले, त्याच्याशी तिचा संबंध नसतो.

आज औषधांच्या दुकानात मिळणारी पट्टी एचसीजीच ओळखते. पाळी चुकल्यावर ती वापरली तर शंका बहुधा फिटते. मात्र रक्तस्राव होऊन बरेच दिवस गेल्यावर केलेली चाचणी ‘नाही’ आली, तर तेवढ्यावरून आधी काय घडले ते सांगता येत नाही. आणि एक गोष्ट वर्गात जरूर सांगावी : पाळी चुकल्यानंतर ओटीपोटात, विशेषतः एका बाजूला, जोराची कळ आली, चक्कर आली किंवा रक्त थांबेना, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. गर्भ गर्भनलिकेतच रुजलेला असेल, तर जिवाला धोका असतो.