मज्जातंतूंची वेदना आणि मनाची खिन्नता

मज्जातंतूंच्या जुनाट वेदनेवर आज जीं औषधें देतात, त्यांतील बरीचशीं मूळचीं वेदनेचीं नव्हेत. कांहीं खिन्नतेवरचीं, कांहीं अपस्मारावरचीं. तेव्हां तीं मनाला शिवतात यांत नवल नाहीं. शरीरासाठीं घेतलेलें औषध मन कसें पालटतें, हें शास्त्राला ज्या प्रकरणांतून उमगलें, त्यांत आपल्या मुंबईचा वाटा मोठा आहे.

सर्पगंधेची मुळी आपल्याकडे सर्पदंशावर व वेडावर पूर्वापार देत असत. कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं १९३१ सालीं रक्तदाबावरील तिचा गुण नमूद केला. पुढें मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं पन्नास रोग्यांवर चाचणी घेऊन १९४९ सालीं तिचे निष्कर्ष ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकांत प्रसिद्ध केले. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं त्या मुळींतून रिसर्पिन वेगळें काढलें, आणि तें जगभर पसरलें.

मग एक विलक्षण तक्रार ऐकूं येऊं लागली. रक्तदाब उतरे, पण रोगी उदास होई. कशांतच त्याला गोडी उरत नसे. अमेरिकेंतील डॉ. फ्राइस यांनीं १९५४ सालीं, हें औषध मोठ्या मात्रेनें दीर्घकाळ घेणाऱ्यांतील खिन्नतेची नोंद केली. (तिचें प्रमाण तेव्हां वाटलें तितकें नसावें, असें पुढील कांहीं अभ्यासकांचें मत आहे, तेंही सांगितलें पाहिजे.) रिसर्पिननें मेंदूंतील सेरोटोनिन व नॉरॲड्रिनॅलिन हीं द्रव्यें घटतात, असें आढळलें, त्यावरून खिन्नतेचें मूळ याच द्रव्यांच्या तुटवड्यांत असावें, असा तर्क बांधला गेला. तो पुरता खरा ठरला नाहीं, परंतु फलदायी ठरला. १९६१ सालीं प्रचारांत आलेलें ॲमिट्रिप्टिलिन नेमकें याच द्रव्यांना टिकवून धरतें. खिन्नतेसाठीं लागते त्याहून अल्प मात्रेंत तें मधुमेहानें पाय जळजळणें, नागिणीनंतर मागें राहिलेली कळ, यांवरही गुणकारी ठरलें.

अपस्मारावरील गॅबापेंटिन व प्रीगॅबालिन यांची वाट निराळी. अमेरिकेच्या औषधनियंत्रण खात्यानें २००८ सालीं अशा अकरा औषधांच्या चाचण्या तपासल्या, तेव्हां आत्मघाताचे विचार वा कृति यांचें प्रमाण खोटी गोळी घेणाऱ्यांच्या मानानें जवळजवळ दुप्पट दिसलें. घाबरून जाण्याचें कारण नाहीं. दुप्पट म्हणजे हजारीं सुमारें चार.

मी राहतों तें निघोजे चाकणच्या कारखान्यांना लागून आहे. पाळीवर जाणारा गृहस्थ गोळी सुरू झाल्यावर सुस्त वा चिडखोर झाला, तर घरचीं माणसें त्याच्या स्वभावाला बोल लावतात, नाहीं तर थकव्याला. वेदनाही मन खचवतेच. दोहोंतील भेद डॉक्टरांनाही एका भेटींत कळत नाहीं. म्हणून गोळी कधीं सुरू झाली, मात्रा कधीं वाढली आणि मनःस्थिति कधीं पालटली, या तारखा घरांत टिपून ठेवाव्या व डॉक्टरांस दाखवाव्या. आत्मघाताची भाषा कानीं आली तर मात्र त्याच दिवशीं त्यांना गांठावें. गोळी आपल्या मनानें एकाएकीं थांबवूं नये. प्रीगॅबालिन तसें सोडल्यास झोप उडते, घाम सुटतो, जीव घाबरा होतो. डॉक्टर त्याची मात्रा निदान आठवडाभरांत पायरीपायरीनें उतरवतात.